सत्तरावरची साक्ष

चौकशीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी तात्यांची भर पंचवीसवरून सत्तरवर नेली. रिक्षात बसल्या बसल्या, माझ्या मोबाइलवरून. त्यांना सांगितलं नाही.

तात्या म्हणजे माझे वडील, आनंदा खबाले, लाइनमन. आमच्या भागात आता लाइनची पाहणी ड्रोन करतात, पण बिघाड सापडला की पोलवर माणूसच चढतो. चौकशीच्या दहा महिने आधी तात्या अकरा हजार व्होल्टच्या पोलवर असताना बंद असलेली लाइन अचानक चालू झाली. ते खाली फेकले गेले आणि डोक्याची डावी बाजू खालच्या दगडावर आपटली. भाजलेला हात दोन महिन्यांत बरा झाला, पण वाचा परत आली नाही.

या आजाराला वाचाघात म्हणतात. माणूस बोलेनासा झाला की लोक समजतात, त्याची बुद्धी गेली. तसं नसतं. तात्यांना सगळं कळत होतं. भाजीत मीठ जास्त पडलं की ते ताट सरकवायचे, टीव्हीवरच्या विनोदाला बरोबर वेळेवर हसायचे. डाव्या कपाळामागचा, वाक्य जुळवून ओठांकडे पाठवणारा भाग दुखावला होता. काय बोलायचं ते आत तयार असायचं, पण बाहेर यायचं नाही, ना तोंडातून ना लिहून. शिव्या, आकडे, देवाची नावं अशा पाठ झालेल्या गोष्टी मात्र मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो. त्यामुळे सुरुवातीला आमच्या घरात 'आयला' आणि 'एक, दोन, तीन' एवढंच ऐकू यायचं. आई म्हणायची, "देवाचं नाव यायचं सोडून हेच बरं आलं तोंडात."

मी पुण्यात मेंदूविज्ञानात एम.एस्सी. करून ज्या प्रयोगशाळेत लागले, तिथे याच आजारावर काम चालू होतं. कवटी उघडून जखमेच्या कडेच्या शाबूत भागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ जाळी ठेवतात. माणूस बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा मेंदूत उठणाऱ्या लहरी ती टिपते. गळ्यात अडकवलेली डबी त्या लहरींवरून शब्द ओळखते आणि माणसाच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवते. अकरा रुग्णांवर प्रयोग चालू होता. तात्या अकरावे. ते यादीत यावेत म्हणून मी आमच्या प्रमुख डॉ. केळुसकर यांच्या किती मागे लागले होते, ते मलाच माहीत.

अडचण अशी की लहरी स्वच्छ नसतात. रेंज नसलेल्या डोंगरात फोन लागावा, तसं ते ऐकणं असतं: एक शब्द कळला, दोन गेले. म्हणून यंत्राला दुसरी एक शिदोरी दिलेली असते, त्या माणसाच्या आयुष्यभराच्या बोलण्याची. तात्यांच्या जुन्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत. सहा वर्षांचे कॉल मी यंत्राला ऐकवले. लहरींतून शब्द कळला नाही, तर तात्या अशा ठिकाणी एरवी काय म्हणाले असते याचा अंदाज यंत्र करतं आणि गाळलेली जागा भरतं. हा अंदाज किती वापरायचा, ते ठरवणाऱ्या आकड्याला आम्ही 'भर' म्हणतो. शून्यावर फक्त मेंदू बोलतो, तुटक आणि अडखळत. शंभरावर फक्त सवय बोलते, अगदी अस्खलित. तिसाच्या पुढे जायचं तर रुग्णाची संमती आणि डॉक्टरांची सही लागते. शिवाय समोरच्याला आधी तशी कल्पना द्यावी लागते.

आदल्या संध्याकाळी आम्ही सराव केला होता. पंचवीसवर "मी आनंदा खबाले, लाइनमन" एवढं म्हणायला तात्यांना पावणेदोन मिनिटं लागली. दवाखान्यात भेटायला आलेला त्यांचाच एक साथीदार जिन्यात म्हणाला होता, "तात्या खुळा झाला रं." तो जिना माझ्या डोक्यातून गेला नव्हता. साहेबलोक घड्याळाकडे बघत बसलेत आणि तात्या घामाघूम झालेत, हे मला बघायचं नव्हतं. लाज त्यांना वाटणार होती की मला, असं आता कोणी विचारलं तर खरं उत्तर मला माहीत आहे.

*

समितीपुढचा प्रश्न एकच होता. पोलवर चढण्याआधी लाइनमनने सब-स्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं असतं. परमिट दिलं की लाइन बंद ठेवायची जबाबदारी ऑपरेटरची. लाइनमन खाली उतरून परमिट परत करेपर्यंत ऑपरेटरने बटणाला हात लावायचा नाही. तात्यांनी त्या दिवशी परमिट घेतलं होतं का?

ऑपरेटर होते इलाही मुजावर, तात्यांबरोबर बावीस वर्षं काम केलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. दहा अडतीसला लाइन आपोआप उडाली. दहा एक्केचाळीसला आनंदाचा फोन आला, "तुझ्याकडनं उडाली काय?" मी म्हटलं, "व्हय, ट्रिप झालीय, बघतो." परमिटचं नावही निघालं नाही. नियमाप्रमाणे वीस मिनिटांनी मी लाइन लावून बघितली. वर माणूस आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यांच्या रजिस्टरात परमिटची नोंद नव्हती. पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं, कारण आमच्याकडे दिवसभर परमिटं तोंडी द्यायची आणि रजिस्टर संध्याकाळी एकदम भरायचं, ही जुनी पद्धत. सगळ्यांना माहीत असलेली, कोणी कागदावर न मानलेली. अपघाताच्या वर्षी तात्यांनी फोन बदलला होता आणि नव्यात कॉल रेकॉर्ड होत नव्हते. तेव्हा उरला तो तात्यांचा शब्द.

समितीच्या अध्यक्ष शिर्के मॅडम सावकाश म्हणाल्या, "खबाले, घाई नाही. त्या दिवशी काय झालं, सांगा."

तात्यांनी डोळे मिटले. मानेची शीर ताठ झाली. डबी बोलली, त्यांच्याच भरदार आवाजात: "मी सब-स्टेशनला फोन केला. इलाहीकडून तीन नंबर फीडरचं परमिट घेतलं. लाइन बंद असल्याची खात्री केली आणि मग पोलवर चढलो."

समितीतले एक साहेब नकळत पुढे सरकले. मला भरून आलं. दहा महिन्यांनी माझे वडील पूर्ण वाक्य बोलले होते.

इलाहीकाका खुर्चीतून अर्धवट उठले. "आनंदा? अरं, कधी?"

तात्यांनी उजवा हात वर केला आणि पंजा जोरजोरात हलवला. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, भावना अनावर झाल्यात. दहा-अकरा सेकंद गेले आणि डबी म्हणाली, "धन्यवाद साहेब. येतो."

"किती हो सौजन्य," एक साहेब म्हणाले.

चार दिवसांत इलाहीकाका निलंबित झाले. हलगर्जीपणाने इजा केल्याचा गुन्हाही नोंदवला गेला.

*

मी भर खाली आणली नाही. कारण आई. "अगं, माणूस बोलायला लागलं!" ती शेजारच्या काकूंना सांगत होती. तात्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून काही बोलू पाहत आणि डबी म्हणे, "जेवण झालं का?" आई हसे. "आत्ता तर तुमच्याबरोबर जेवले की!" ते भिंतीवर मूठ आपटत आणि डबी विचारे, "पाणी आलं का नळाला?"

चौथ्या दिवशी तात्यांनी डबी काढली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली. परत गळ्यात घालू देईनात.

आठव्या दिवशी मी पुण्यात बसून त्या जबाबाची नोंद उघडली. संशय म्हणून नाही. परिषदेसाठी एक छान आलेख हवा होता आणि एवढा सलग, सुंदर नमुना आमच्याकडे दुसरा नव्हता. नोंदीत प्रत्येक शब्दाखाली दोन पट्ट्या असतात, एक मेंदूची आणि एक सवयीची. 'फोन' या शब्दाखाली मेंदूची पट्टी उंच होती, 'इलाही'खालीही होती. 'परमिट'खाली ती जवळजवळ नव्हतीच. तो शब्द सबंध सवयीतून आला होता. साहजिकच होतं. सहा वर्षांच्या कॉलमध्ये तात्यांनी इलाहीकाकांना फोन केला आणि परमिट मागितलं नाही, असं क्वचितच घडलं होतं. यंत्राला सवय माहीत असते. एखाद्या दिवशी काय घडलं ते त्याला माहीत नसतं. आणि अपघात तर माणसाने रोजच्यासारखं न वागल्याच्या दिवशीच होतो.

जाळीच्या मूळ लहरी साठवलेल्या असतात. त्याच लहरींवरून यंत्र वेगळ्या आकड्यावर पुन्हा चालवता येतं. मी भर पंचवीसवर आणली आणि तोच जबाब ऐकला.

"फोन… इलाही… ट्रिप. ट्रिप. मी… बंदच… पाच मिनिट… मी चढलो. सांगितलं… ना."

त्यांचं 'ना' म्हणजे 'नाही'. मग ते अकरा सेकंद, ज्यांत सत्तरावर 'धन्यवाद साहेब, येतो' असं ऐकू आलं होतं. साहेबांशी झालेला तात्यांचा प्रत्येक कॉल तसाच संपायचा. पंचवीसवर तिथे तात्या ओरडत होते.

"हे ना. मी ना. हे ना. हे ना."

मी हेडफोन काढून ठेवला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी डबा उघडला होता आणि भेंडीच्या भाजीचा वास येत होता. तो वास मला अजून सहन होत नाही.

शनिवारी मी घरी गेले. आई बाजारात गेल्यावर तांदळातून डबी काढली, शून्यावर केली आणि तात्यांपुढे धरली. "आता यंत्र मधे काही घालणार नाही. फक्त तुम्ही."

अर्धा तास लागला. तात्यांना जंपरचा, म्हणजे दोन तारा जोडणाऱ्या तुकड्याचा, नट सैल दिसला होता. लाइन उडालेलीच होती. उडालेली लाइन म्हणजे बंद लाइन, पाच मिनिटांचं काम, कशाला परमिटचा घोळ, म्हणून ते कमरेचा पट्टाही न बांधता चढले. तीस वर्षांत तिसऱ्यांदा असं केलं, हेही त्यांनी बोटांवर दाखवलं. शेवटी माझं मनगट धरलं. "तू… सांग. इलाही… सुटू दे."

"सांगते, तात्या," मी म्हणाले.

त्यांनी डबी पुन्हा माझ्या हातात दिली आणि किती दिवसांनी शांत झोपले.

मी सांगितलं नाही.

*

कारणं होती. प्रयोगाच्या नियमांत कलम होतं: यंत्राच्या बोलण्याने कोणाचं नुकसान झालं, तर प्रयोग तत्काळ थांबेल आणि सगळ्या जाळ्या बंद होतील. म्हणजे अकरा माणसं पुन्हा मुकी. त्यांतली एक सावंतवाडीची बाई पाच वर्षांनी आपल्या मुलीशी भांडली होती आणि त्या भांडणाचा व्हिडिओ पाहून आम्ही सगळे रडलो होतो. शिवाय तात्यांचा दोष उघड होणार. आणि आकडा मी हलवला हेही.

एका दुपारी आईला अर्धंमुर्धं सांगून बघितलं. ती गव्हातले खडे वेचत होती.

"म्हणजे यांचीच चूक?"

"हो."

"मग गप बस." तिने मान वर केली नाही. "अंगावर निवृत्तीचा गुलाल पडायच्या वयात या माणसाच्या अंगावर प्लास्टर पडलं. आता कपाळावर शिक्का पण मारणार आहेस व्हय? इलाहीभाऊंचे पोरगे कमवतेत. त्यांचं निभंल."

मी गप्प बसले. पुढच्या आठवड्यात सांगू, असं प्रत्येक सोमवारी ठरवत राहिले.

पाचव्या आठवड्यात इलाहीकाका आमच्या घरी आले. नेमकी मी घरी होते. तात्या व्यायामासाठी दवाखान्यात गेले होते, आई त्यांच्याबरोबर. काका ओसरीवरच बसले. दाढी वाढली होती.

"प्रणोती, तुला एक विचारायचं हुतं. तू मेंदूचं शिकलीयस म्हणून."

"विचारा ना, काका."

"आनंदा खोटं बोलत न्हाई. बावीस वर्षांत बोलला न्हाई. एकदा माझ्यासाठी सुद्धा साहेबाम्होरं खोटं बोलला न्हाई, तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हतो." ते किंचित हसले. "मग आता कशाला बोलंल? म्हणजे त्यानं परमिट मागितलं असणार. मी दिलं असणार. आन् विसरलो असणार. मी रोज तो फोन आठवतोय. आता तर मला त्यात परमिट ऐकू पण यायला लागलंय. पोरं म्हणतेत, अब्बांना डॉक्टरला दाखवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माणूस असं अख्खंच्या अख्खं विसरतो का गं?"

विज्ञानाचं उत्तर मला येत होतं. आठवण ही साठवलेली चित्रफीत नसते. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो आणि गाळलेल्या जागा भरतो. लोक पुन्हा पुन्हा सांगत राहिले, तर न घडलेलंही आठवू लागतं. काकांच्या डोक्यात नेमकं तेच चाललं होतं आणि ते मीच सुरू केलं होतं.

"होतं कधी कधी, काका," मी म्हणाले. "वयाने."

त्यांनी मान हलवली. "मग सुटलो. म्हटलं, निदान कळलं तरी." चहा न घेता ते उठले.

*

दहाव्या आठवड्यात, एका बुधवारी, मला प्रयोगशाळेत फोन आला. शिर्के मॅडमचा.

"तुमचे वडील इथे येऊन बसलेत. एकटेच एसटीने आलेत. सकाळपासून 'ट्रिप, ट्रिप' म्हणतायत, कपाळावर हात मारतायत. आम्हाला काही उमगत नाही. शिपाई म्हणतोय, वेड लागलंय. येऊन घेऊन जाता का?"

साडेतीन तासांनी मी पोचले. तात्या बाकावर बसले होते. डबी नव्हती; तिच्याशिवाय आता एखाददुसरा सुटा शब्द तेवढा निघायचा. समोर एका कोऱ्या कागदावर त्यांनी पोल काढला होता, पोलवर एक माणूस, आणि त्या माणसाला गोल करून बाण स्वतःकडे. तसे सात कागद झाले होते. मला पाहून ते उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांग."

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कळतंय, ते काय म्हणतायत?"

"हो," मी म्हणाले. "नऊ आठवड्यांपासून कळतंय."

मग मी सगळं सांगितलं. सत्तर, पंचवीस, शून्य. दोन्ही आवाज ऐकवले. 'हे ना, हे ना' ऐकताना मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि तात्यांकडे बघितलं, जणू ते आत्ताच खोलीत आले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ते असेच अडखळत बोलले असते, तर आम्ही थांबलो असतो, बाई. आम्हाला वेळच वेळ होता."

पुढचं कागदोपत्री लवकर उरकलं. इलाहीकाकांचं निलंबन उठलं, गुन्हा मागे घेतला गेला. अपघाताचा दोष तात्यांवर लिहिला गेला. त्या अहवालाची प्रत त्यांनी स्वतः मागून घेतली आणि मला ती आईला वाचून दाखवायला लावली. प्रयोग थांबला. अकरा जाळ्या एकाच दुपारी बंद झाल्या. डॉ. केळुसकर माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "सावंतवाडीला फोन तू कर." मी केला. पलीकडे मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. माझी नोकरी गेली, ती त्या मानाने किरकोळ गोष्ट.

रविवारी तात्या मला इलाहीकाकांच्या घरी घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे पुढे तेच चालत होते.

काका अंगणात सायकलची चेन साफ करत होते. हात काळे. तात्या त्यांच्यासमोर उभे राहिले. ओठ हलले, मान ताठ झाली, आवाज फुटेना. काका चिंधीने हात पुसत थांबले. खूप वेळ थांबले.

"मी… वर," तात्या म्हणाले. "सांगितलं… ना. मी."

"कळलं मला. बस."

"आयला," तात्या म्हणाले आणि बाजेवर बसले. काका त्यांच्या शेजारी बसले. दोघंही हसल्यासारखे दिसले, आणि मला वाटलं, संपलं. मी वळून दाराकडे निघणार होते.

"पोरी, तू कुठं चाललीस?"

मी थांबले.

"त्याच्या डोक्याला मार लागला हुता," इलाहीकाका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्याला बोलता येत नव्हतं, तरी एसटी धरून गेला. मी तुझ्या वसरीवर बसून तुला विचारलं, मी विसरतो का म्हणून. तुला येत हुतं बोलायला. तुला काय झालं हुतं?"

"काका, मी…"

तात्या बाजेवरून उठू लागले. "पोर…" ते म्हणाले. मानेची शीर पुन्हा ताठ झाली. "पोर… मी… पोर…"

काकांनी त्यांच्या गुडघ्यावर काळा हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं.

"तू गप, आनंदा. तिला बोलू दे."